बंगल्यातला झेंडू

अंबरनाथच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी दोन बायका बोलत बसल्या होत्या. धाकटीचे सासरे, डोक्याला फडकं बांधलेले, भिंतीला टेकून झोपले होते.

"पडले का गं, मोती?"

"नाय, पुतळामावशी. बंगल्याच्या रखवालदारानं मारलं."

"कुठल्या बंगल्याच्या?"

"मोठ्या लढाईच्या वेळी सरकारनं आमचा फुलांचा मळा घेतला ना, तिथं आता कारखान्याच्या साहेबाचा बंगला आहे. आमचे हे तिथंच माळी आहेत."

"मग म्हातारा कशाला गेला?"

"मामंजींना आता महिने कळत नाहीत. रोज कुंपणातनं बघतात. तेरडा गुलाबी झाला की श्रावण, झेंडू पिवळा झाला की दसरा, शेवंती फुलली की थंडी. यंदा मडमेनं सगळं उपटायला लावलं. तिला बारा महिने हिरवी पानंच हवीत."

"उपटलं कोणी?"

"ह्यांनीच. मामंजी रोज विचारायचे, दसरा का येत नाय? काल झेंडूचं बी घेऊन कुंपणाच्या आत शिरले."

"आणि तुझा नवरा, जयदेव, कुठं होता?"

"तिथंच, हातात खुरपं घेऊन. मडमेनं विचारलं, हा म्हातारा कोण? हे म्हणाले, मी ओळखत नाय."

"जन्मदात्या बापाला?"

"नोकरी गेली असती, मावशी."

"म्हातारा काय बोलला?"

"मडमेला हात जोडले. म्हणाले, खरं आहे बाईसाहेब, हा माळी नवा आहे, मला कुठनं ओळखणार."