दुसरा खंड

—ते सगळं नंतर, आधी मला हे सांगा, माझं नाव तुम्हाला दिलं कुणी? परीक्षक कोण ते उमेदवाराला कळता कामा नये, असा नियम आहे, बाई. गोपनीय असतं ते! एकतीस वर्षं मी प्रबंध तपासतोय, आणि एकतीस वर्षांत एक उमेदवार माझ्या दारात उभा राहिलेला नाही — हां, एक आला होता, फळांची करंडी घेऊन, त्याला मी जिन्यावरूनच पिटाळला. करंडी राहिली, तो भाग वेगळा. बोला ना, कुणी दिलं? नका बोलू, मला कळत नाही असं वाटतं का? परीक्षा विभागातला तो कारकून, दिवसभर कानावर पेन लावून हिंडतो तो. त्याच्या पोटात काही राहत नाही. बरं, आलाच आहात तर बसा — तिथं नको, त्या खुर्चीवर प्रबंध आहेत. तिथंही प्रबंधच आहेत. ते स्टूल ओढा, आणि जरा जपून, एक पाय डुगडुगतो त्याचा.

हं. म्हणजे तुमचं म्हणणं असं, की उद्या अकराला मंडळाची बैठक, बैठकीत माझा अहवाल वाचणार, अहवालात मी लिहिलंय नामंजूर, म्हणजे पदवी नाही, आणि पदवी नाही म्हणजे कॉलेज महिनाअखेर तुम्हाला नारळ देणार. बरोबर? नऊ वर्षं हंगामी शिकवताय, आता कुठं कायम व्हायची वेळ आली होती, वगैरे. मग यात मी काय करू? मी परीक्षक आहे, नोकऱ्या वाटायला बसलो नाही. तुम्हा लोकांचं ना, सगळं उलटं झालंय. आमच्या वेळी माणसाला काहीतरी सापडायचं, मग तो प्रबंध लिहायचा. आता नोकरी जाते म्हणून लिहितात! वर्षाला चाळीस-पन्नास बाडं येऊन पडतात माझ्याकडे — अमक्याचा चिकित्सक अभ्यास, तमक्याचा तौलनिक अभ्यास — त्यात ना चिकित्सा, ना तुलना, ना अभ्यास. पाट्या टाकायच्या आणि नावामागे डॉक्टर लावून मिरवायचं. मी पण नोकरीसाठीच केला होता म्हणा, पण माझं निराळं होतं. मला विषयाची ओढ होती. हसताय काय? हसला नाहीत? ठीक आहे.

आता तुमच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही, हे ध्यानात घ्या. मिठाच्या व्यापारावर लिहिलंत, तो माझाच प्रांत, म्हणून तर तुमचा प्रबंध माझ्याकडे आला. मी उत्साहानं उघडला! आणि माझी एक पद्धत आहे — मी प्रबंध शेवटून वाचतो. का? कारण पहिल्या पानावर सगळेच शहाणे असतात. संदर्भसूची उघडायची, म्हणजे माणसानं काय वाचलंय, कुणाला वाचलंय, आणि कुणाला सोयीनं विसरलाय, ते पाच मिनिटांत कळतं. पुढची चारशे पानं वाचायची गरजच राहत नाही— म्हणजे, वाचतोच मी, पण गरज राहत नाही. तर तुमचं शेवटचं पान काढलं. काय दिसलं? पाचवं प्रकरण समाप्त. बस्स! सूची नाही, निष्कर्ष नाही, परिशिष्ट नाही. एकतीस वर्षांत असला निर्लज्जपणा पाहिला नव्हता. म्हणून लिहिलं — पाठ आहे मला ते वाक्य — 'उमेदवाराने निष्कर्षापर्यंत येण्याची तसदी घेतलेली नाही.' वाक्य चांगलं जमलंय, नाही? कुलसचिवांनी फोन करून सांगितलं, सर, तुमच्यासारखे अहवाल आता कोणी लिहीत नाही.

काय? पुन्हा सांगा.

दोन खंड? छे हो! एकच आला. हा बघा, हिरव्या बांधणीचा — यावर कुठं लिहिलंय खंड पहिला? कुठं? ...हं. आहे. बारीक आहे फार. असलं बारीक सोनेरी अक्षर म्हाताऱ्या माणसाला दिसायचं कसं? पण दुसरा आला नाही, हे मी छातीठोक सांगतो. टपालात गेला असेल, नाही तर तुमच्या त्या कारकुनानं कुठं तरी— पोच? माझ्या सहीची पोच आहे, दोन पाकिटांची? दाखवा. हम्म. सही माझीच आहे. पण मी काय, येईल त्यावर सही करतो, दारात उभं राहून पाकिटं मोजत बसू का मी? आणि असता तर दिसला नसता का या खोलीत? मी रोज इथंच बसतो, याच टेबलाशी, हीच खिडकी— काय दाखवताय? कुठं? टेबलावरच्या पंख्याकडे काय बघताय?

पंख्याखाली.

अरेच्चा.

थांबा, हात लावू नका, मी काढतो. पंखा जरा बुटका पडायचा, वारा मानेला लागायचा नाही, म्हणून मी काहीतरी ठेवलं होतं खरं— पावणेदोन वर्षं झाली का याला? सुतळीसुद्धा तशीच. आता हे बघा, यात माझी चूक काय ते मला समजावून सांगा! दोन खंड करायचे कशाला? आहे काय एवढं सांगण्यासारखं? माझं सगळं आयुष्याचं काम एका पुस्तकात मावलं, दोनशे दहा पानांत, आणि तुम्हाला दोन खंड लागतात! तुमच्या गाईडला अक्कल नको? तो होयबा! माझाच विद्यार्थी तो, माझ्या हाताखाली चार वर्षं 'हो सर, हो सर' करत होता, आता तुमच्यासमोर 'हो बाई' करतो की काय? ...हे कुणाला माहीत आहे? पंख्याचं म्हणतोय मी. कारकुनाला? तुम्ही अजून कुणाला बोललेल्या नाहीत ना? बोलू नका. बोलून तुमचाच तोटा.

पाणी घ्या. त्या तांब्यात आहे, पेला उपडा घातलाय बघा.

बरं, ऐका. मी काही राक्षस नाही. गोष्ट अगदी सोपी आहे. उद्या अकराच्या आत माझं पत्र मंडळापुढं गेलं, की पहिला अहवाल मागे. एका पत्राचं काम. परीक्षकाला तो अधिकार असतो. कागद घेतो — हा छापील, माझ्या नावाचा, यानं वजन पडतं — लिहितो: 'प्रबंधाचा दुसरा खंड टपालातील विलंबामुळे आता हाती आला' — टपालातील विलंबामुळे, बरं का बाई, तुमची हरकत नाही ना? नसणारच. 'तो अभ्यासल्यानंतर माझे मत बदलले असून...' अहो, रडताय काय? डोळे पुसा, असलं मला चालत नाही. नऊ वर्षं, ठीक आहे, नऊ वर्षं. माझी एकतीस झाली, मी रडलो का? हे बघा, सही तेवढी राहिली. पण कसं आहे, 'अभ्यासल्यानंतर' असं लिहिलंय ना मी, मग निदान चाळायला नको? खोटी सही मी करत नाही. कात्री द्या ती.

सूची... सूची... ही बघा, आहे की हो छान! तेवीस पानं! आणि इथं — हं — माझं पुस्तक. पहिली आवृत्ती. आणि दुसरी आवृत्ती, तीही! दोन्ही कोण बघतं हल्ली? आणि माझे लेख... हा लेख तुम्हाला मिळाला कुठं? मलाही मिळत नव्हता. वा! एक, दोन, चार... अकरा ठिकाणी मी आहे. अकरा! पोरी, तू आधी का नाही बोललीस? मी उगीच— अगं, तो होयबा, त्याच्या स्वतःच्या प्रबंधात माझं नाव तीनदा होतं फक्त, आणि त्यातलं एकदा आभारात. तू खरंच वाचलंयस मला. शाळेच्या पुस्तकात तो नकाशा असतो बघ, सागरापासून खिंडीतून वर पठारापर्यंत जाणारा जाड बाण — मिठाची वाट — तो बाण माझा. मी काढला तो. तीस वर्षं पोरं परीक्षेत तो बाण काढतात. तू पण काढला असशील! काढलास ना? बघ. आता बघू तर, काय लिहिलंय आमच्याबद्दल. पृष्ठ चारशे एकोणीस...

हात काढ.

हात का ठेवलास पानावर? सही नंतर होईल. काढ म्हणतो ना.

...'खेचरवाल्यांबरोबर दोन वेळा प्रत्यक्ष चालून पाहता'... हं. चालून गेलात तुम्ही? खिंडीत? बाईमाणूस खेचरवाल्यांबरोबर... 'खिंडीच्या वरच्या टोकाला सरळ तुटलेला कडा असून, लादलेले खेचर तेथून जाऊ शकत नाही, पूर्वीही जाऊ शकत नसावे... ज्येष्ठ संशोधकांच्या या मांडणीचा आदरपूर्वक पुनर्विचार करावा लागतो.' आदरपूर्वक! फोटो पण लावलेत. चार फोटो. कड्याचे.

होयबानं सांगितलं नाही तुम्हाला, हा भाग काढा म्हणून? सांगितलं? मग? 'पण ते खरं आहे सर.' वा. खरं आहे! खरं आहे म्हणून छापायचं? तुम्हाला काय वाटतं, मला हे कळायला तुमच्या दोन खंडांची गरज होती? अहो, मी उभा राहिलोय त्या कड्यावर! पुस्तक आल्यावर पुढच्याच वर्षी, तिकडच्या मंडळींनी सत्कार केला होता माझा, आम्हा दोघांना वर घेऊन गेले होते, माझी खिंड मला दाखवायला. पुस्तक मी नकाशावरून लिहिलं होतं, इथं बसून, याच टेबलावर. आणि वर गेलो तर समोर सरळ खाली — काही नाही. वारा नुसता. आमची ही कडेला गेली, वाकून बघितलं, आणि सहज, अगदी भोळेपणानं मला म्हणाली, 'अहो, इथून खेचर कसं हो उतरत असेल?' इतर लोक मागं होते, कुणी ऐकलं नाही. मी तिच्यावर खेकसलो. असा खेकसलो, की दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मुद्रितं तीच तपासत होती, नकाशाच्या पानावर थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पान उलटलं. सहा वर्षं झाली तिला जाऊन. तिच्याशिवाय हे कुणाला—

तुम्हाला मी हे काय सांगतोय?

नाही. हे बघा, असं करू नका, असं माझ्याकडे बघू नका. माझी कीव करायची तुमची पायरी नाही. हंगामी बाई तुम्ही! द्या तो कागद इकडे. द्या म्हणतो. सही नाही त्यावर, सही नसलेलं पत्र म्हणजे रद्दी. हे असं. आणि असं. झालं. पहिला अहवाल कायम.

तुमचं चूक आहे असं मी म्हणतच नाही. बरोबर आहे तुमचं, अक्षर न् अक्षर बरोबर आहे. चूक असतं तर मी आनंदानं सही केली असती, अशा शंभर चुकांवर केली आहे, सगळे प्राध्यापक होऊन बसलेत, एक तर कुलगुरू झाला. पण हे नाही. मी जिवंत आहे तोवर नाही. नंतर काय करायचं ते करा, बाण खोडा, कडा काढा, पुतळा उभारा त्या खेचराचा. आणि बाहेर जाऊन काही बोलाल, तर लक्षात ठेवा, परीक्षकाच्या घरी येऊन दबाव आणला म्हणून मला लिहावं लागेल, त्या कारकुनाचंही नाव घालावं लागेल. त्याची नोकरी जाईल, तुम्हाला पुन्हा कुठं प्रबंध देता यायचा नाही. कोण विश्वास ठेवणार आहे तुमच्यावर?

तो खंड राहू द्या. परीक्षकाची प्रत आहे ती, तुमची नाही. उठा आता. मला तीन अहवाल पुरे करायचेत आज. आणि उद्या सकाळी तिथं मंडळाच्या खोलीबाहेर ताटकळत उभ्या राहू नका, ऐकताय ना, बरं दिसत नाही ते. दार ओढून घ्या. ...घट्ट ओढा.