डबीची वामकुक्षी

नाही, तुम्हीच सांगा, नऊ दिवस बिनबोभाट चालणारी वस्तू दहाव्या दिवशी अचानक मौन धरते, आणि तिच्या पोटातली जागा संपली का असं विचारावं तर उत्तर काय, तर जागा आहे, पण सलग नाही! जागा आहे, पण सलग नाही… हल्ली मी झोपेतही हेच पुटपुटतो, अशी आमच्या सौभाग्यवतीची तक्रार आहे, आणि ती तक्रार रास्त आहे.

तुम्हाला सांगतो, आमची सूनबाई प्रोग्राम लिहिते. मोठ्या संगणकांचे नव्हेत. तळहाताएवढ्या यंत्रांचे, ज्यांच्या पोटात मेमरी म्हणजे अगदी चिमूटभर. तिनं औषधांची डबी केली आहे. वेळ झाली की डबी वाजते, नेमका कप्पा उघडतो, आणि माझ्यासारखा माणूस, ज्याला हातात पुस्तक असलं की घर पेटल्याचंही भान राहत नाही, तो निमूटपणे गोळी घेतो. अशा सात डब्या. सहा तिच्या कचेरीत, सातवी माझ्याकडे. महिनाभर अखंड चालल्या तर त्या रुग्णालयात जाणार, खऱ्या रुग्णांच्या उशाशी. नाहीतर साहेब ते काम दुसऱ्या कोणाला देणार. दोन वर्षं झिजली आहे हो पोर त्या डबीपायी.

तर कचेरीतल्या सहाच्या सहा डब्या दहाव्या दिवशी गप्प. बंद करून पुन्हा चालू केल्या की नऊ दिवस पुन्हा शहाण्यासारख्या वागणार, मग परत गप्प. आणि माझी? सव्वीस दिवस ठणठणीत! प्रोग्राम सगळ्यांत एकच. तिचे साहेब म्हणजे घाईचा अवतार, बोलताना अर्धं वाक्य गिळतात. म्हणाले, “सातवी चालते ना, मग प्रोग्राम बरोबर, त्या सहांचे सुटे भाग खराब, ते बदला, सोमवारी डब्या रुग्णालयात देऊन टाका, विषय संपला.”

मी काय केलं? खोटं कशाला सांगू, मान ताठ केली. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना मुद्दाम जाऊन सांगितलं की, गुरुजी, यंत्रालाही माणूस पारखता येतो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

शनिवारी सकाळी सूनबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोकं धरून बसली होती. साहेबांचं म्हणणं तिला पटत नव्हतं, आणि पुरावा तर माझ्या रूपानं समोर चहा पीत होता. मी म्हटलं, मला समजावून सांग. ती म्हणाली, बाबा, किचकट आहे. आता हे मला? चौथीनंतर शाळेची पायरी चढलो नाही, जे काही आलं ते वाचून आलं, आणि बसस्थानकाच्या सामानघरात एकतीस वर्षं पिशव्या सांभाळता सांभाळता वाचून आलं! तेव्हा तिनं सामानघराचंच उदाहरण घेतलं.

आमच्या सामानघरात एक लांबच लांब फळी होती. प्रवासी यायचे, कोणाची थैली, कोणाची वळकटी. जागा दिसेल तिथे ठेवायची आणि त्या जागेचा आकडा असलेला पितळी बिल्ला हातात द्यायचा. माणूस आला की बिल्ला परत, सामान परत. प्रोग्रामही असाच दिवसभर मेमरी मागतो आणि परत करतो. पण परत येणारी जागा कशी येते? इथे वीतभर, तिथे हातभर. मग यायचा एखादा ट्रंकवाला. “अहो, अर्धी फळी मोकळी दिसते की!” आणि मी खिडकीतून शांतपणे सांगायचो, जागा आहे, पण सलग नाही. पिशव्या सरकवाव्यात, तर बाहेर फिरणाऱ्या लोकांच्या बिल्ल्यांवर जुने आकडे! डबीचं नेमकं हेच होत असणार, सूनबाई म्हणाली. नवव्या दिवसापर्यंत तुकडे साचतात, कुठलंसं मोठं काम ट्रंक घेऊन येतं, आणि डबी हात टेकते.

“मग तुम्ही काय करायचात, बाबा?”

मी ऐटीत म्हटलं, सोपं आहे, दुपारी दोन ते चार सामानघर बंद. सगळ्यांनी आपापलं सामान न्यायचं, फळी मोकळी, चारला पुन्हा पहिल्यापासून…

आणि इथे, तुम्हाला सांगतो, मी कप खाली ठेवला. कारण दोन ते चार मी आडवा होतो. आणि मी आडवा होण्यापूर्वी… डबीलाही आडवी करतो. मागचं बटण दाबून. रोज! दिवसभर पहारा करणाऱ्या जिवाला, मग तो प्लॅस्टिकचा का असेना, दोन घटका विसावा नको? माझ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या, कोणाचं काय अडतं? असा माझा भूतदयेचा विचार. म्हणजे सव्वीस दिवस मी फळी रिकामी करत होतो, आणि पोर समजत होती की डबी चालते आहे!

आता बोलावं, तर मुख्याध्यापकांपुढे कोणत्या तोंडानं जायचं? न बोलावं, तर सोमवारी डबी जाणार, आणि दहाव्या दिवशी कुठलीशी म्हातारी गोळीची वाट बघत बसणार, की अजून वाजली नाही, म्हणजे वेळ व्हायची असेल. डोक्यात शब्द होते हो, पण सलग नव्हते. शेवटी म्हणालो, “सूनबाई, यंत्रास मी प्रत्यही विश्रांती देत आलो.”

“म्हणजे?”

“म्हणजे… बंद करतो गं. दोन ते चार.”

ती हसायला लागली, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मला कळलं.

साहेबांना सांगितल्यावर ते म्हणाले, उत्तम, सगळ्याच डब्या दुपारी झोपवा! तिनं विचारलं, आणि ज्याची गोळी तीनला आहे त्याचं काय? तेव्हा कुठे त्यांनी महिन्याची मुदत दिली. मग मी तिला सामानघराचा पुढचा भाग सांगितला, की फळीला कंटाळून अखेर आम्ही सुतार बोलावला, वर सारख्या मापाचे लहान कप्पे, खाली ट्रंकांसाठी मोजके मोठे. लहान थैलीमागे थोडी जागा फुकट जायची, पण ट्रंकेची जागा कधी मोडायची नाही. तिनं मेमरीचे तसेच कप्पे पाडले, कोणत्या कामाला किती लागतील ते आधीच ठरवून. सातही डब्या महिनाभर चालल्या. माझीसुद्धा, बटणावर सौभाग्यवतीनं चिकटपट्टी लावली होती.

डब्या रुग्णालयात गेल्या. सोबत माहितीपत्रक हवं होतं, त्यात एक सूचना निर्दोष मराठीत हवी होती, आणि घरात निर्दोष मराठी लिहिणारा कोण, तर मी. बसलो, दोन मसुदे फाडले, तिसरा दिला. आता प्रत्येक डबीसोबतच्या पत्रकात तो छापलेला आहे: ‘वापरकर्त्याने, विशेषतः ज्येष्ठ वापरकर्त्याने, यंत्राची दया येऊन ते बंद करू नये.’

मुख्याध्यापकांनी वाचून पाहिलं. म्हणाले, वाक्यात एकही चूक नाही.

म्हटलं, नाही ना, गुरुजी. चूक सगळी लेखकातच आहे.