गटिंगच्या चिठ्ठीवरचे सव्वीस

जबाब देणाराचे वय ५३ वर्षे, व्यवसाय दैनिकात वार्ताहर, शिक्षण संस्कृत घेऊन एम. ए. प्रकरणातील दोन्ही मुली अल्पवयीन असल्याने सर्वांची नावे व पत्ते वेगळ्या कागदावर घेऊन लिफाफा बंद केला आहे.

ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, मी पत्नी व सोळा वर्षांची मुलगी यांच्यासह राहतो. मुलगी सात वर्षांपासून बॅडमिंटन खेळते. मी खेळत नाही. मी त्याविषयी लिहितो.

पुढे जाण्यापूर्वी माझी एक हरकत नोंदवून घ्यावी. जप्तीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर 'बॅट एक, तुटकी, दोन तुकड्यांत' असे लिहिले आहे. त्या वस्तूस रॅकेट म्हणतात. बॅटला जाळी नसते. हा भेद आताच पाळला गेला नाही, तर उद्या न्यायालयात साक्षीदाराने नेमके काय ओळखायचे, असा गंभीर प्रश्न उभा राहील. यावर लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "साहेब, तुटलीय एवढं कळतंय ना? पुढं बोला." त्यावरून पुढे सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी आमच्या रविवार पुरवणीत परदेशात रॅकेट घेताना खरी-खोटी कशी ओळखावी, यावर लेख लिहिला. त्यात अस्सल रॅकेटची सहा लक्षणे दिली होती. मुठीवरच्या टोपणावर क्रमांक कोरलेला असावा, छापलेला नसावा, म्हणजे तो नखाला लागतो. चकचकीत खूण तिरपी धरली की तिच्यातले चित्र बदलावे. चौकटीच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या एकसारख्या बसलेल्या असाव्यात. वजन दांड्यावर लिहिल्याप्रमाणे भरावे. रंगाला वास नसावा. आणि दुकानदाराने आपण होऊन 'अस्सल आहे' असे म्हणू नये. हे शेवटचे वाचकांना फार आवडले. शास्त्रात लक्षणाचा अतिव्याप्ती नावाचा एक दोष सांगितला आहे. जी वस्तू सांगायची नाही तिलाही लक्षण लागू पडते, तेव्हा तो होतो. हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. लेख लिहिताना आठवले नाही.

गेल्या मार्चमध्ये वार्ताहरांच्या परिषदेसाठी मी परदेशी गेलो. शेवटच्या दिवशी दुपारी दोन तास मोकळे होते. हॉटेलच्या मागच्या गल्लीत खेळाच्या सामानाची पाच दुकाने ओळीने आहेत. चौथ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते व त्यांची सून माल दाखवत होती. किंमत आपल्याकडच्या निम्मी होती. मी एक रॅकेट घेतली, खिशातले भिंग काढले, सहा लक्षणे लावून पाहिली व खाली ठेवली. मग दुसरी उचलली, तीही तशीच पाहिली व दोन्ही विकत घेतल्या. सून शांतपणे उभी होती. 'अस्सल' हा शब्द तिने उच्चारला नाही. दोन्ही रॅकेटचे क्रमांक मी शेजारी शेजारी धरून पाहिले नाहीत. दोन्हींवर एकच क्रमांक आहे. खऱ्या मालात प्रत्येक रॅकेटचा क्रमांक निराळा असतो.

घरी आल्यावर रॅकेट मुलीच्या हातात दिल्या व सहाही लक्षणे समजावून सांगितली. मेहुणा व त्याची बायको आलेले होते, त्यांनाही सांगितली. चाळीस मिनिटे लागली. मुलीने एक रॅकेट हवेत एकदा फिरवली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मस्त आहे, बाबा." पत्नी म्हणाली, "अहो, तिला आधी खेळून तरी बघू द्या." मी म्हणालो, "खेळून काय बघायचंय? मी बघून आणलीय."

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन मी गटिंगवाल्यांकडे, म्हणजे रॅकेटला जाळी भरणाऱ्यांकडे गेलो. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांचे दुकान क्रीडागृहाच्या जिन्याखाली आहे. एक यंत्र, एक स्टूल, खिळ्याला टांगलेली तारेची रिळे. समोरच्या भिंतीवर माझा लेख प्लास्टिकच्या वेष्टनात लावलेला आहे. तो मीच दिला होता व कुठे लावावा हेही मीच सांगितले होते. मी म्हणालो, "मास्तर, सव्वीस पौंड ताण द्या. आणि जपून, अशी चीज तुमच्या यंत्रावर रोज येत नाही." मास्तरांनी दोन्ही रॅकेटच्या मुठी शेजारी शेजारी धरल्या, चष्मा कपाळावर ढकलला व म्हणाले, "खरंय, सर. रोज नाही येत."

दोन दिवसांनी रॅकेट परत मिळाल्या. दांड्याला नेहमीप्रमाणे चिठ्ठी होती. तीवर मास्तरांच्या अक्षरात 'सव्वीस', तारीख व सही होती.

त्यानंतर मुलगी पाच स्पर्धा खेळली व पाचही वेळा लवकर हरली. तिचे शटल मागच्या रेषेबाहेर वीतभर पडत असे. प्रशिक्षक मला म्हणाले, "तुम्ही नसलात की ही पोरगी बरोबर रेषेवर टाकते. तुम्ही येऊन बसलात की बाहेर." मी याचा अर्थ दडपण असा लावला व तिला माझी सवय व्हावी म्हणून एकही सामना चुकवेनासा झालो. परतताना गाडीत मी तिला म्हणत असे, "रॅकेट राजाची आणि मनगट भिकाऱ्याचं." वाक्य मला बरे जमले आहे असे वाटले होते, म्हणून ते एकाहून अधिक वेळा म्हटले. ती खिडकीबाहेर पाहत असे.

या महिन्याच्या अकरा तारखेस सकाळी दहा चाळीसच्या सुमारास क्रीडागृहात दुहेरीचा सामना चालू होता. मुलीची जोडीदार, जिला सगळे ठमी म्हणतात, नेटजवळ होती. मुलीने मागून जोरात स्मॅश मारला. आवाज निराळा आला. दांडा मुलीच्या हातात राहिला व चौकट उडून पुढे गेली. ठमी नेमकी मागे वळली होती. डाव्या भुवईवर पाच टाके पडले. डोळा शाबूत आहे. टाके घालताना तिने डॉक्टरांना विचारले, "पॉइंट कुणाला दिला?" डॉक्टरांना ते माहीत नव्हते.

आरडाओरडा ऐकून मास्तर जिन्याखालून धावत आले. तुकडे हातात घेऊन न पाहताच मी सर्वांसमोर त्यांना म्हणालो, "मास्तर, ताण जास्त दिलात. पोरीचा डोळा गेला असता तुमच्या हातानं." ठमीचे वडील औषधांचे दुकान चालवतात. त्यांनी मास्तरांविरुद्ध दिलेल्या तक्रारीत 'हजर असलेल्या जाणकार व्यक्तीने कारण जागेवरच सांगितले' असे वाक्य आहे. ती जाणकार व्यक्ती मी आहे. तक्रारीनंतर क्रीडागृहाच्या व्यवस्थापकांनी मास्तरांच्या दुकानाला कुलूप लावले.

काल चौदा तारखेस दुपारी मास्तरांना ठाण्यात बोलावले. मी व मुलगी बाहेरच्या बाकावर होतो. दार उघडे होते. हवालदारांनी चिठ्ठी पुढे करून विचारले, "अक्षर तुमचं?"

"माझंच."

"सव्वीस दिला होता ताण?"

"लिहिलंय ना तसं."

"फ्रेमला झेपणार नाही, हे कळलं नाही? किती वर्षं करताय हे काम?"

"एकतीस."

"मग?"

मुलगी उठून दारात गेली व म्हणाली, "काका, सांगा ना आता."

"तू बस गं बाहेर."

"त्यांनी वीसच दिला होता," मुलगी हवालदारांना म्हणाली. "रॅकेट खोट्या आहेत. सव्वीस दिले असते तर यंत्रावरच मोडल्या असत्या. चिठ्ठीवर सव्वीस लिहा, असं मी म्हटलं होतं. बाबा चिठ्ठी वाचतात."

तेव्हा मला कळले ते असे. हवेत एकदा फिरवली तेव्हाच मुलीला रॅकेट खोटी असल्याचे समजले होते. मास्तरांनी तिला ती टाकून द्यायला चार वेळा सांगितले. तिने नाही म्हटले. एरवी ती ठमीची जुनी रॅकेट घेऊन खेळते व चांगली खेळते. मी पाहायला येणार असलो, की माझी आणलेली काढते. जाळी सैल असल्याने शटल लांब जाते.

मी मास्तरांना विचारले, "मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "सर, तुमच्या लेखाखाली उभं राहून तुम्हाला काय सांगायचं?" मुलीलाही विचारले. ती म्हणाली, "सांगितलं असतं, तर ती खरी आहे हे तुम्ही मला पटवून दिलं असतं."

दुसरी रॅकेट, जाळीसह, जशीच्या तशी हजर करीत आहे. आज सकाळी दुसऱ्या गटिंगवाल्याकडून ताण मोजून घेतला. वीस भरला, किंचित कमीच. दोन्हींचा क्रमांक हवालदारांनी स्वतः पाहिला. मास्तरांचा कोणताही दोष नाही. जागेवर केलेले माझे विधान निराधार होते व ते मी मागे घेतो. ठमीच्या वडिलांना हे मी आज तोंडी सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे तुमचं ऐकून मी चुकलो?" मी हो म्हटले.

परदेशी दुकानाविरुद्ध माझी तक्रार नाही. त्या सुनेने मला एकही खोटे वाक्य सांगितले नाही. सुरुवातीची हरकतही मागे घेतो. यादीत 'बॅट' असेच राहू द्यावे.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगतो की, शाळा, मैत्रिणी, तब्येत, काहीही विचारले तरी मुलगी मला 'मस्त आहे, बाबा' असेच सांगत आली आहे. त्यातले खरे किती, हे मला माहीत नाही. विचारले तर ती काय म्हणेल, ते माहीत आहे. मला त्याची भीती वाटते.

हा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला व मी ऐकला. दार उघडे असल्याने बाकावर बसलेल्या मुलीनेही ऐकला. मी सांगितले तसेच उतरले आहे, एकही शब्द बदलायचा नाही, म्हणून खाली सही करतो.