चौकीच्या खांबावरचा डबा

नाव वरच्या रकान्यात आहे तेच. कामावर मात्र मला सगळे अँटेना म्हणतात. वय ३४, व्यवसाय उपकरण तंत्रज्ञ, जलवाहिनी कार्यालय, राहणार कार्यालयामागची वसाहत, खोली नंबर ४. ठाण्यात स्वतःहून हजर होऊन सांगतो ते असे:

ज्यांच्या मृत्यूची चौकशी चालू आहे ते माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे पती. मी त्यांना भाऊजी म्हणतो. हवालदारांनी ‘मयत’ लिहायला घेतले होते, ते मी खोडायला लावले. भाऊजी जलवाहिनीवर एकवीस वर्षे गस्तीला होते. मला या नोकरीला त्यांनीच लावले.

डोंगरातल्या तलावापासून गावापर्यंत आमची पाइपलाइन येते. वरच्या अठरा किलोमीटरला मोबाइलची रेंज नाही. तिथे पाण्याचा दाब मोजणारे बारा सेन्सर आहेत. ते दर पंधरा मिनिटांनी आकडा थेट उपग्रहाकडे पाठवतात आणि तो कार्यालयात माझ्या पडद्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी गस्तीच्या माणसांनाही एकेक डबा दिला. साबणाच्या पेटीएवढा आहे. माणूस कुठे आहे आणि ठीक आहे, हे तो तासातासाला कळवतो. लाल बटण दाबले की मदत मागितली जाते.

डब्याला वर मोकळे आकाश लागते. आठव्या आणि दहाव्या सेन्सरच्या मध्ये एक खोल घळ आहे, तिथे आकाश चिंचोळे. भाऊजी घळीत उतरले की तीन तास डबा मुका व्हायचा, कार्यालयात भोंगा वाजायचा आणि साहेब लेखी खुलासा मागायचे. चार खुलासे झाल्यावर भाऊजी वैतागले. मला म्हणाले, “अरे अँटेना, हा डबा दिलाय की सासू? तासातासाला विचारते, कुठे आहात, कुठे आहात!”

मी हसलो आणि उपाय सांगितला. घळीच्या तोंडाशी गस्तीची चौकी आहे. तिच्या खांबावर डबा टांगायचा, खाली उतरायचे, वर आले की घ्यायचा. डबा खूश, साहेब खूश. तारेचा हूक मी स्वतः वाकवून लावला. महिन्याभरात पाचही गस्तवाले तसेच करू लागले. भोंगा बंद झाला. साहेबांनी बैठकीत माझे कौतुक केले; हुकाचे मी सांगितले नाही.

मंगळवारी नऊ नंबरचा दाब घसरलेला दिसत होता. हा सेन्सर घळीच्या तळाशी आहे, त्याची वायर वर कड्यावर आणली आहे. भाऊजी सकाळी ११ वाजता चौकीवर पोचले. १२ वाजून २० मिनिटांनी नऊ नंबरचा आकडा जागेवर आला. म्हणजे त्यांनी झडपेतला गाळ काढला होता. काम त्यांनी नेहमीसारखे चोख केले. त्यानंतरचे मला पडद्यावरून काही सांगता येत नाही.

ते बुधवारी दुपारी एकपर्यंत घरी यायचे होते. डबा तासातासाला चौकीवरून ‘ठीक’ कळवत होता. भाऊजींना कधी कधी चौकीवर एक दिवस जादा राहायची सवय होती, म्हणून मी मनावर घेतले नाही. बुधवारी ताईचे दोन फोन आले. दुपारी दोनला मी म्हणालो, “अगं, मस्त घोरत पडले असतील, तू जेवून घे.” संध्याकाळी सहाला म्हणालो, “हिरवा ठिपका दिसतोय ना मला! कशाला जीव टांगणीला लावतेस?” ती बरं म्हणाली.

गुरुवारी सकाळी ठिपका तसाच होता, तसूभरही हललेला नव्हता. मी कोणाला न सांगता जीप काढली. रस्ता संपल्यावर दोन तास चालावे लागते. दुपारी १२ वाजता चौकीवर पोचलो. डबा हुकाला होता. हाका मारत खाली उतरलो. भाऊजी वाटेवर पालथे सापडले. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. पडल्याची जागा खाली होती. तिथून ते चौकीच्या दिशेने सरपटत आले होते. ते अंतर मी पावलांनी मोजले, साठ भरले. ते सापडले तिथून खांबापर्यंत आणखी एकशे दहा. पाण्याची बाटली रिकामी होती. डॉक्टरांच्या मते बुधवारी रात्रीपर्यंत त्यांच्यात जीव होता.

मुख्य कार्यालयातून काल एक गृहस्थ आले. त्यांनी ‘उपकरणात बिघाड’ असे लिहून द्या, सगळ्यांच्याच सोयीचे होईल, असे सुचवले. मी नकार दिला. डब्यात काही बिघाड नव्हता. बिचारा त्याला सांगितले तेच करत होता. अक्कल मी पाजळली. भाऊजींनी माझ्यावर विश्वास टाकला, एवढाच त्यांचा दोष. साहेबांना हुकाविषयी माहिती नव्हती.

येथवरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. खोलीचे दार उघडे होते. ताई तिचा जबाब द्यायला बाहेर बाकावर बसली होती, ती उठून आत आली. हवालदारांनी थांबायला सांगितले, ती थांबली नाही. माझ्याकडे न बघता ती त्यांना म्हणाली, “दोन नाही, तीन फोन केले होते मी. मधला चार वाजता.”

तिचे म्हणणे बरोबर आहे. तो फोन मी सांगितला नव्हता, तो आता लिहून घ्यावा. बुधवारी दुपारी चारला तिने विचारले, “तो डबा यांच्या अंगावर आहे का, एवढंच सांग.” नाही म्हटले असते तर हूक कोणी लावला तेही सांगावे लागले असते. उजेड होता, जीप दारात होती.

मी हो म्हणालो.

ही दुरुस्ती धरून जबाब पुन्हा वाचून घेतला. ताई शेवटपर्यंत उभी होती. आता तो खरा आहे. सही करत आहे.