हात मोडलेला आणि फोटोत मी हसतेय

माझं माहेर नांदूरघाटाच्या खालच्या अंगाला, वस्तीवर. घरात माणसं सहा आणि म्हशी नऊ, त्यामुळं आमच्यात म्हशींचंच जास्त चालायचं. शाळा मी बघितली ती बाहेरून. सातव्या वर्षापासून धार काढते, कोणत्या म्हशीचं कोणतं सड आधी धरायचं हे मला झोपेतून उठवून विचारा. नाव कौसा. कौसाबाई लिहू नका, मला कौसाबाई म्हणणारी माणसं कोर्टात भेटतात, तितकं बास हाय.

लगन करून नेकनूरच्या अलीकडल्या गावात आले. लगनात फोटोवाला आणलता, तो म्हणला हस, मी हसले. नवरीनं कसं, मान खाली, डोळ्यात पाणी, आणि ही बया सगळे दात काढून उभी. सासूनं मागून असा चिमटा काढला की पुढच्या फोटोत मी रडतेय. दोन्ही फोटो अजून पेटीत हायेत. असली मी येडी, समोर फोटो काढायचं काही आलं की तोंड आपोआप हसतं. हे तेवढं ध्यानात ठेवा, ह्याच तोंडानं मला पुढं लई महागात पाडलं.

तर आता म्हातारपणातली, तीन वर्षांखालची गोष्ट. सकाळची धार काढून दुधाच्या दोन किटल्या घेऊन रस्त्याला उभी होते, डेअरीची गाडी यायची होती. मी कडंला मुरमावर, डांबरावर न्हाई, हे मी पोलिसाला सांगितलं, वकीलबाईला सांगितलं, जजसाहेबाला सांगितलं, आता तुम्हालाबी सांगते, मुरमावर. एक एसटी आली, तिच्या मागून पांढरी मोठी गाडी, तिला दम निघंना, एसटीला मागं टाकायला ती आली ती थेट खाली माझ्या अंगावर. हाड मोडल्याचा आवाज येतो बगा, काय सांगू तुम्हाला, वाळलेली तुराटी मोडावी तसा. उजवं मनगट आणि उजव्या पायाची नळी. दूध सगळं मुरमात.

गाडी चालवणारा खाली उतरला, तो गुत्तेदार. रस्त्याची कामं घेतो, आमच्या भागात सगळे वळखतात. आई, लई लागलं का गं, म्हणला. आई म्हणला आणि मी विरघळले. सरकारी दवाखान्यात गेलं की पोलीस येतो, शंभर गोष्टी विचारतो, त्यापेक्षा मी तुला चांगल्या हाडवैद्याकडं नेतो, म्हणला. आणि ही शहाणी गाडीत बसली. आत कसं थंडगार. मोडल्या हाताला रगत आलतं, ते त्याच्या गादीला लागू नये म्हून मी पदर खाली धरून बसले. ऐकलं का, माझं हाड मोडणाराच्या गादीची काळजी मला. आज ती तवाची कौसा मला कुठं भेटली ना, तर मी तिला गाडीतून खाली ओढीन आणि डांबरावर आडवी पडून बोंबल म्हणीन, पोलीस आल्याबिगर हलू नको म्हणीन.

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, बांबूच्या, मनगटाला आणि नळीला. कागद न्हाई, हाडाचा एक्सरे न्हाई. घरी आणून सोडलं.

चौथ्या दिवशी गुत्तेदाराची बायको आली. वाईट न्हाई हो ती, बारीक अंगाची, मान खाली घालून बोलणारी. माझी ओटी भरायला आलती. हिरवी साडी, खण, नारळ, गहू. आता आमच्याकडं कसं हाय, चूक झालेल्या घरची सवाष्ण येऊन ओटी भरून गेली की गोष्ट तिथं मिटली, मंग त्या घराविरुद्ध तोंड उघडायचं न्हाई. आमचा म्हातारा, माझा नवरा, खाटंवरून म्हणला, घे, मोठ्या घरची बाई दारात आली. ओटी घ्यायला पदर दोन्ही हातांनी धरावा लागतो, माझा एक हात कामटीत, मंग एक टोक मी धरलं आणि दुसरं सुनंनं. ती वाकून गहू घालताना माझ्या कानात म्हणली, मावशी, मी गाडीतच होते, पुढं तोंडावर पदर घेऊन बसलेली ती मीच, ह्यांना हळू चालवा, हळू चालवा म्हणत होते. पाया पडली, मी आशीर्वाद दिला, अखंड सौभाग्यवती हो. तिच्या ड्रायव्हरनं फोन वर केला आणि म्हणला, आजी, इकडं बगा.

आणि मी हसले.

तीन महिन्यांनी कामट्या सोडल्या. पाय तिरपा पडायला लागला, त्याचं मला तितकं न्हाई. पण मूठ वळंना. धार काढायला मूठच लागती, अंगठा आत घेऊन दाबावं लागतं. माझी म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई, सुनंला दोनदा लाथ मारली. मी डाव्या हातानं बसले तर तिनं वळून माझ्याकडं बघितलं, ही कोण आली म्हून. साठ वर्षांचा माझा धंदा एका म्हशीनं एका नजरेत बंद केला. तिला नेकनूरच्या बाजारात दिली. त्या दिवशी मी जेवले न्हाई.

बीडला लेकीकडं गेले, सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणला, हाड वाकडं जुळलंय, परत मोडून बसवावं लागंल. मंग मी काठी टेकत गुत्तेदाराच्या दारात गेले. जास्त काही न्हाई, एवढा हात नीट करून द्या म्हणले. तो झोपाळ्यावर बसला होता. म्हणला, कोणती गाडी? मी म्हणले, तुमची, पांढरी. तो म्हणला, आजी, तुझा काहीतरी घोटाळा होतोय, तू गोठ्यात पडली असशील. बायको त्याची दारामागं उभी, तिचा पदर दिसत होता मला. पदर हलला न्हाई.

तवा माझं डोकं फिरलं. हाड मोडलं तवा फिरलं न्हाई, म्हैस गेली तवा न्हाई, कोणती गाडी म्हणला तवा फिरलं. लेकीनं वकीलबाई गाठून दिली, पोलिसात तक्रार गेली, भरपाईचा दावा टाकला. गावातल्या बाया नळावर म्हणायच्या, ओटी घेतली आणि कोर्टात गेली, देव बघतो. मी म्हणले, बघू दे की, एक तरी साक्षीदार मिळंल. म्हातारा महिनाभर बोलला न्हाई. तेवढीच घरात शांतता.

आता कोर्टाचं काय सांगू. तारीख, आणि परत तारीख. पण मी दर तारखेला तीच हिरवी साडी नेसून जाते. ओटीची साडी हाय, नेसायलाच दिलती ना.

गुत्तेदारानं कोर्टात लिहून दिलतं की त्या दिवशी आमची गाडी त्या रस्त्याला नव्हतीच. बरं. मागच्या तारखेला मला उभं केलं, त्यांचा वकील आला, तरणाबांड, केसाला तेल. कौसाबाई, ही तक्रार इतक्या उशिरा कावून केली? मी म्हणले, तुमच्या अशिलानं आई म्हणलं म्हून. मंग त्यानं फायलीतून हळूच तो ओटीचा फोटो बाहेर काढला. ह्या तुम्हीच का? मीच. ओटी घेताय? घेतेय. आणि हसताय. दुखणारी बाई अशी हसती का? गोष्ट तवाच मिटली होती, आता लोभापायी आलाव, खरं का न्हाई?

मला त्याचा राग आलाच न्हाई. मला त्या फोटोतल्या म्हातारीचा राग आला, दात काढून बसलेली. मी म्हणले, साहेब, मी माझ्या लगनातबी हसले होते, म्हून लगन झालं न्हाई असं म्हणाल का? फोटो नीट बगा. ओटी दोन हातांनी घेतात, माझा दुसरा हात कुठाय? जजसाहेबांनी फोटो मागून घेतला, चष्मा वर केला. पदराचं एक टोक सून धरून, आणि माझा हात मांडीवर, कामट्या बांधलेला. मी म्हणले, आणि ही समोर वाकलीय ती कोण, विचारा त्यांना. गाडी त्या रस्त्याला नव्हती ना, मंग ही कावून आली? आमच्या गावात हिचं ना माहेर ना सासर. आणि मिटली म्हणता, तर न झालेली गोष्ट मिटवली कशी?

टाइप करणाऱ्या पोरीची बोटं थांबली. त्या वकिलानं हात पुढं केला फोटो परत घ्यायला, साहेबांनी दिला न्हाई. राहू द्या, म्हणले.

वकीलबाईनं लगेच अर्ज दिला, त्या बाईला साक्षीला बोलवा म्हून. बोलवलंय. आता पुढल्या तारखेला ती येणार. नवऱ्यासमोर उभी राहून तिला सांगायचंय, मी गाडीत होते. सांगती का न्हाई, मला ठाऊक न्हाई. तिची झोप उडाली असंल, माझी तर तीन वर्षांपासूनच उडालेली हाय. आशीर्वाद दिलाय तो मी माघारी घेत न्हाई, तिचं कुंकू राहू दे, त्याची गाडीबी राहू दे. पण एकदा म्हणावं तिनं, आमचीच गाडी. मंग निकाल साहेबांना काय द्यायचा तो देऊ देत.

मी खण आणि नारळ आणून ठेवलाय. खरं बोलली तर कोर्टाच्या पायरीवर मी तिची ओटी भरणार, ह्याच वाकड्या हातानं. खोटं बोलली तरी भरणार, तिची ओटी तिला फेडली की माझं तोंड मोकळं. लेकीला सांगून ठेवलंय, फोन घेऊन उभी रहा, फोटो काढ. आणि तुम्हालाबी सांगून ठेवते, त्या फोटोत मी हसणार न्हाई.