आरामाची नोंद

हॅलो?… हां ताई, एक मिनिट, जिन्यात येते… हं. नाही, तू नको बोलूस, मीच बोलते. आज साहेबांची जिरवली.

अगं तेच. तुला कंट्रोल रूममधून काढणारे… नाही, भांडले नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. फक्त तुझ्या खुर्चीत बसवलं त्यांना.

वरून तिघं आले होते ना तपासणीला… हो, दोन पुरुष आणि एक बाई. साहेब त्यांना माझं डोळ्यांचं यंत्र दाखवत होते, जसं काही यांनीच बनवलंय. म्हणे, 'डोळा कितीही रोखला तरी तो बारीक थरथरतो, ते कुणाच्या हातात नसतं. डोक्यावर ताण आला की थरथर कमी होते. यंत्र तेच मोजतं. यंत्र खोटं बोलत नाही.'

हो, हो… तेच वाक्य. तुला काढताना म्हणाले होते तेच. 'बाईंवर भार हलका होता, तरी ॲम्ब्युलन्स चुकीच्या गल्लीत पाठवली, म्हणजे हलगर्जीपणा.' माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, साहेब, तुम्हीच बसून दाखवा ना.

बसणार कसे नाहीत? तिघांसमोर नाही कसं म्हणणार… उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, उतरवला खाली.

अगं ऐक ना. आधी आरामाची नोंद घेतली. खोली बंद, फोन नाही, दहा मिनिटं भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बसवलं… म्हणजे रिकाम्या डोक्याची नोंद गं. कामातली थरथर तिच्याशीच ताडून बघतात. मग सरावाचे कॉल सोडले. तीन एकदम. एक आजोबा पत्ताच सांगेनात, एक बाई नुसती रडतेय, तिसरा शाळेतून यांच्यावरच ओरडतोय.

चौथ्या मिनिटाला पडदा लालभडक, म्हणजे भार डोक्याबाहेर. सातव्या मिनिटाला यांनी गाडी पाठवली शाळेच्या मागच्या फाटकाला, आणि मूल पडलेलं पुढच्या… हसतेस काय, मीही ओठ चावूनच उभी होते.

मग काय, 'यंत्र बिघडलंय.' मी म्हटलं, साहेब, यंत्र खोटं बोलत नाही… हो, सगळ्यांसमोर.

बीपी? त्यांना बीपी आहे म्हणून मी गप्प बसू? तू चार महिने घरात पडदे ओढून बसलीस, तेव्हा कुणी विचारलं?… नाही येत मला दया. मजा आली. घाम पुसत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. खाई त्याला खवखवे.

आता पुढचं. तपासणीच्या त्या बाई म्हणाल्या, ज्यांना काढलं त्यांचीही आरामाची नोंद दाखवा. काढली. तर तुझा आराम आणि तुझं काम, दोन्ही रेघा सारख्या… म्हणजे काय म्हणजे? तुझा आरामच कामाच्या गर्दीत मोजलाय, ताई. मग फरक दिसणार कुठून? 'भार हलका'च येणार. उद्या अकराला बोलावलंय तुला. परत घेतील, बघ.

साहेबांनी मुद्दाम?… ते 'आटपा, आटपा' करत होते खरं…

नाही… नोंद ते स्वतः नाही घेत… फॉर्म असतो. हो, खाली सही असते.

कुणाची म्हणजे… बरं, ऐक. तुला तो सोमवार आठवतो? तीन फोन वाजत होते, मी कॅमेरा घेऊन आले, तू हाताने 'थांब' म्हणालीस… हो. मी म्हटलं, कॅमेरा नीट बसतोय का एवढंच बघते, दोन मिनिटं त्या ठिपक्याकडे बघ… तीच ती आरामाची नोंद.

माझी सही आहे, ताई.

लवकर निघायचं होतं मला… कशाला म्हणजे… पार्लरची वेळ घेतली होती.

हो, माहीत होतं… तुला काढलं त्या दिवशीच कळलं होतं… हो. चारही महिने.

ओरड ना. काहीतरी बोल… उद्या मी येते तुझ्याबरोबर, मीच सांगते त्यांना. अकराला… ताई?

हॅलो?… या जिन्यात रेंजच नसते… हॅलो?