डोळे उघडण्याची अट

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्क जोडपे बसले होते. त्यांच्या मांडीवरच्या बुटांच्या खोक्यात मांजराचे पिल्लू होते.

“बाकीच्यांचे डोळे दहाव्या दिवशी उघडले. याचे तीन आठवडे मिटलेलेच, आणि तुम्ही गप्प!”

“अगं, ‘डोळे उघडले की पिल्लं घराबाहेर’, हे तूच बजावलं होतंस.”

“वा! म्हणून पापण्यांखाली पू साठू दिलात? केवढी ही माया!”

“वाटलं, सावकाश उघडतील.”

“हो ना, तुमचे उघडले तसे. निवृत्तीनंतर!”

पिल्लू आत गेले. बऱ्याच वेळाने डॉक्टर ते घेऊन आले.

“उजवा डोळा वाचला. डावा मात्र गेला.”

“अहो, चला, उठा. डोळे पुसा आधी.”

“आता याला कुठे सोडायचं गं?”

“सोडायचं कसं? अट दोन डोळ्यांची होती.”